फक्कीचा पुरा

टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.
पहिलं टेंभुर्णे साहेबांच्या.
मधे साठ फूट गाव:
कोंबड्या, सांडपाणी, भांडणारी दोन पोरं
आणि झिबल गिरीपुंजेची उभी बंडी.

खालच्या पुऱ्याचा पुनर्विकास.
नगरपंचायतीच्या भिंतीवर आठ दिवस कागद टांगलेला,
त्यात घरं आगपेटीतल्या काड्यांसारखी एका मापाची,
झाडं सगळी गोल, सगळी एकाच वयाची.
बायका यायच्या, पदराचं टोक दाताखाली धरून पाहायच्या.
"याच्यात माहं घर कोठी हाये जी?"
मी बोट ठेवायचो.
दर वेळी दुसरीकडेच.

सायत्राबाई निनावे बिड्या वळते. तीच बोलली,
"कागद लहान पडते, सायेब. जमिनीवर काढा."

मग शाळेतून कबड्डीची फक्की आणली, अर्धं पोतं,
आणि धान कापलेल्या बांधीत
पुरा काढला, होता होईल तेवढ्या मापाचा.
पायाखाली धानाचे खुंट टोचत होते.
लोक आपापल्या घरात शिरले,
दारातूनच शिरले,
आणि एक पोरगं सरळ धावत पार गेलं
तर तीन आवाज एकदम:
"भितीतून नोको जाऊ रे!"

भागरताच्या सासऱ्यानं बसल्या जागी पिंक टाकली
आणि मग त्याच्या लक्षात आलं, इथं चूल येते.
पायानं माती ओढली त्यानं वर. हळूच.

सायत्राबाई ओट्यावर बसली, मांडीवर सूप,
सुपात तेंदूची पानं, कात्री, जर्दा.
गुडघे रेघेच्या बाहेर.
"दोन फुटात सूप मावते. मी नाही मावत."
साहेब म्हणाले, ओटा कमी केला की रस्ता रुंद होतो.
"रस्त्यानं जानारे जाते, सायेब.
बसनारी कोठी जाईन?
घरात उजेड हाये का, हजार बिड्या वळाले?"
साहेबांनी वर पाहिलं,
ऊन कुठून येतं ते
बहुतेक पहिल्यांदाच.

झिबलनं काही वाद घातला नाही.
बैल जुंपले, बंडी आणली,
कोपऱ्यावर वळवली.
चाक सरळ भागरताच्या स्वयंपाकघरात.
सगळा पुरा हसला.
भागरता हसली नाही.
साहेबांनी बुटानं रेघ पुसली
आणि बंडी जिथून गेली तिथून नवी ओढली,
वाकडी, पोटुशीसारखी पुढे आलेली.

नाल्यापलीकडची चार घरं राहिली होती
तेव्हा फक्की संपली.
त्या घरांचा नमुना आठ नाही, पावती नाही,
वीस वर्षांचा धूर तेवढा आहे छपराला.
दुर्पता बावणेनं चुलीतली राख आणली टोपल्यात,
आणि आपलं घर आपणच काढलं,
खिडकीसकट.
साहेबांनी सगळं पेनानं लिहून घेतलं होतं,
एवढं पेन्सिलीनं.

रात्री दव पडलं, मग वारा सुटला.
सकाळी जाऊन पाहिलं:
फक्की मातीला धरून होती.
राख नव्हती.

चैतात नवा कागद आला.
ओटा साडेतीन फूट.
सायत्राबाईनं चार मागितले होते,
ती म्हणाली, चालते, पाय दुमडीन.
कोपऱ्यावर रस्ता फुगलेला आहे,
कंत्राटदार मला विचारतो, हे असं कशाला?
कागदावर कारण लिहिलेलं नाही.
कारण झिबलचा डावा बैल,
त्याला एका डोळ्यानं दिसत नाही,
तो लांबून वळतो.

आणि नाल्यापलीकडे चार चौकोन,
तुटक रेघेचे.
"हे असं तुटलं तुटलं काऊन?"
साहेब म्हणाले, प्रस्तावित.
म्हणजे?
म्हणजे अजून नक्की नाही.
सायत्राबाई दुर्पताकडे पाहत होती.
"मंग राख म्हना ना."

कोणी काही बोललं नाही.
दुपारी मी शाळेत गेलो,
पोतं खांद्यावर घेतलं,
हेडमास्तरांना विचारायचं राहून गेलं.